लांडगा गिळणारी नळी

मी एक जुनी पितळी नळी आहे. करंगळीच्या पेराएवढी, आतून रबराचं अस्तर लावलेली. जर्मनीतल्या मिटेनवाल्ड गावात चेलो घडवणाऱ्या कोर्बिनियानने मला आपल्या बायकोसाठी बनवलं. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन.

लग्नात त्याने वाल्बुर्गाला स्वतः घडवलेला चेलो दिला होता. आवाज भरदार, पण एका स्वरावर तो गुरगुरायचा. मित्रांनो, प्रत्येक वाद्याच्या लाकडी पेटीला स्वतःचं एक कंपन असतं. तार नेमकी त्याच कंपनावर आली की दोघी एकमेकींकडून जोर हिसकावून घेऊ लागतात. आवाज फुगतो, पडतो, पुन्हा फुगतो. चेलोवाले त्याला लांडगा म्हणतात. मला घोडीच्या, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीच्या, खालच्या बाजूला तारेच्या न वाजणाऱ्या तुकड्यावर बसवलं. माझ्या वजनामुळे तो तुकडा त्याच कंपनावर थरथरायचा. जास्तीचा जोर मी ओढून घ्यायचे आणि रबरात जिरवायचे.

"आणखी केसभर खाली, कोर्बी," वाल्बुर्गा म्हणायची. "हं, थांब. गेला बघ!" मग मला टिचकी मारून म्हणायची, "शहाणी गं माझी."

एकवीस वर्षं मी तिथे होते.

कोर्बिनियानला मात्र माझी लाज वाटे. नळी दिसली की चेलोत लांडगा आहे हे कारागिरांना लगेच कळतं. ओट्मार नावाचा कारागीर एकदा म्हणालाच, "काय रे, चेलोला औषधाची गोळी चालू केलीस?" तेव्हापासून कारागीर घरी आले की तो माझा स्क्रू सैल करून मला जाकिटाच्या खिशात टाकायचा.

"चांगल्यातल्या चांगल्या चेलोतही लांडगा असतो," वाल्बुर्गा चिडायची. "लपवतोस काय?"

मार्चमध्ये वाल्बुर्गा वारली. पाववाल्याची मुलगी सेन्झी तिची शिष्या. चर्चमधल्या स्मरणसभेत बाईंच्या चेलोवर ती बाईंची आवडती रचना वाजवणार होती. तीन आठवडे तिने घरी स्वतःच्या चेलोवर सराव केला. त्या दिवशी पुढच्या बाकांवर सगळे कारागीर बसले. चेलो तिच्या हाती देण्याआधी कोर्बिनियानने पाठ वळवली आणि मला खिशात टाकलं.

मी खिशातून ऐकलं. लांबवायचा स्वर आला आणि लांडगा चर्चभर गुरगुरला. सेन्झी थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. कुणीतरी खाकरलं.

बाहेर आल्यावर ती त्याच्याजवळ गेली. "मास्टर, तारेवर नळी नव्हती. बाई ती कधी काढत नसत."

ओट्मार शेजारीच उभा होता.

"या चेलोला नळीबिळी लागत नाही," कोर्बिनियान म्हणाला. "तुझं बोट ढिलं पडलं."

"खरंच?"

"मी घडवलाय तो. मला विचारतेस?"

"माफ करा, मास्टर," ती रडू लागली. "बाईंचा दिवस मी नासवला."

खिशात त्याची मूठ माझ्यावर घट्ट आवळली. मग तो तसाच घराकडे निघाला.

ते जाकीट आता दाराआड टांगलेलं आहे. तो ते घालत नाही. माझं रबर कडक होत चाललंय. सेन्झीने चेलो सोडला, हे पाव द्यायला आलेल्या तिच्या वडिलांच्या तोंडून मी ऐकलं.

मित्रांनो, जी वस्तू तुमचा दोष मुकाट्याने पोटात घेते, तिची लाज बाळगू नका. आणि कधी मिटेनवाल्डला गेलात, तर पावाच्या दुकानात सेन्झी भेटेल. तिला एवढंच सांगा, तुझं बोट अगदी बरोबर पडलं होतं.