अठरा तारखेची चौकट

“यंदाचं विजेतेपद आपलंच! चारही सामने आपण जिंकणार. आणि हे मी म्हणतोय, मी!”

नॉर्बर्ट जडॅनने खुर्चीवर उभं राहून ही घोषणा केली, तेव्हा त्याच्या कॉलरमध्ये कागदी रुमाल खोचलेला होता आणि हातातल्या काट्याला तळलेल्या माशाचा तुकडा टोचलेला होता. दुसऱ्या ‘मी’ला त्याने काटा उंचावला. मासा निसटला आणि चर्चचा ऑर्गन वाजवणाऱ्या मार्जबाईंच्या कोबीच्या कोशिंबिरीत जाऊन पडला. मार्जबाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि तो खाऊन टाकला.

सेंट हेडविग चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी मासे तळतात, आणि जानेवारीत बाद फेरीच्या पहिल्या सामन्याआधीच्या शुक्रवारी नॉर्बर्ट भाकीत करतो. सव्वीस वर्षं त्याचं भाकीत एकच आहे: आपली ग्रीन बेची टीम शेवटपर्यंत जिंकणार. सव्वीस वर्षांत ते एकदाच खरं ठरलं. त्या वर्षी त्याला फ्लू झाला होता आणि भाकीत त्याने अंथरुणातून फोनवर कळवलं होतं. पण त्याबद्दल त्याला कुणी कधी बोल लावला नाही. थंडी पडली म्हणून थर्मामीटरला कोण जाब विचारतं?

कॉफीच्या पिंपामागे लूसील डेल्व्हो इतरांबरोबर टाळ्या वाजवत होती. चर्चच्या कचेरीत ती बावीस वर्षं सेक्रेटरी होती. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. आणि तरी या सामन्यांचं अख्ख्या परगण्यातलं सर्वांत अचूक भाकीत तीच करत असे.

तिची पद्धत साधी होती. कचेरीच्या भिंतीवर चर्चच्या हॉलचं मोठं कॅलेंडर टांगलेलं असे. टीम जिंकली तर पुढच्या रविवारी पुन्हा सामना. मग त्या रविवारी बारसं, पत्त्यांची स्पर्धा, काहीही ठेवणं शक्यच नाही. टीम हरली की पुढचे सगळे रविवार मोकळे. तेव्हा तळघरात घसा फोडून “जिंकणार!” म्हणणारे लोक नंतर एकेकटे जिना चढून वर यायचे, दार लोटून घ्यायचे आणि पुढच्या रविवारचा हॉल मागायचे. लूसील पेन्सिलीने नोंद करायची आणि मनात आकडा धरायची. एखादाच आला तर टीम जिंकायची. तीन आले की हरायची. बावीस वर्षांत यात एकदाही चूक झाली नव्हती. हे गुपित फक्त फादर कुबियाकना ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगणार नव्हते, कारण अनेकदा तिसरे तेच असायचे.

त्या शुक्रवारी मात्र लूसीलचं लक्ष टाळ्यांत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी नॉर्बर्टने तिला लग्नाचं विचारलं होतं. “सीझन संपला की करू,” असं म्हणाला होता. पण टीम हरली की तो ईस्टरपर्यंत सुतकात असे. मग मासेमारी, मग ऑगस्टमध्ये टीमचा सराव, आणि पुन्हा सीझन. आदल्याच दिवशी लूसीलने त्याला शांतपणे सांगितलं होतं, “ईस्टरच्या आतली तारीख दे, नॉर्बर्ट. नाहीतर मी बहिणीकडे ॲरिझोनाला जाते. राहायलाच.” तिचा राजीनामा टाईप करून ड्रॉवरमध्ये तयार होता. खाली फक्त सही राहिली होती.

तारखांचा घोळ तिला पाठ होता. अकरा जानेवारी, अठरा, पंचवीस आणि आठ फेब्रुवारी हे चार रविवार नॉर्बर्टच्या भाकिताप्रमाणे सामन्यांचे. मधल्या एक फेब्रुवारीला हॉल वर्षभर आधीच दिलेला होता, आणि शनिवारी तो लग्नांना मिळतच नसे. पंधरा फेब्रुवारीला तो गोठलेल्या तलावावर भाला घेऊन स्टर्जन माशाची वाट पाहत बसणार; ती परवानगी वर्षातून थोडेच दिवस मिळते. त्यानंतर ईस्टरआधीचे उपवास, त्यात लग्नं होत नाहीत. म्हणजे नॉर्बर्टने कुठलीही तारीख दिली, तरी त्याचा अर्थ एकच होणार होता: आपण हरणार. आणि हा शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी निघालेला नव्हता.

ती कॉफीचे फिल्टर आणायच्या निमित्ताने वर कचेरीत गेली. पाचच मिनिटांत दार वाजलं.

“लूसील, बाई, अठराला हॉल मोकळा आहे का गं?” हा खाटीक ड्वेन. त्याची गाडी टीमच्या रंगांत, हिरवी-पिवळी रंगवलेली होती. “पुतणीच्या मुलीचं बारसं. म्हणजे, नक्की नाही. आपलं असंच.”

“अकराला हरणार वाटतं आपण?”

“छे छे! काहीतरीच काय बोलतेस!” ड्वेनने आवाज खाली आणला. “सकाळी अकरा ते एक मिळेल?”

त्याच्यामागे मार्जबाई आल्या. त्यांना ऑर्गनच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम दोन वाजता हवा होता. मग फादर आले, खिडकीतून बर्फाकडे बघत पालकसभेविषयी पुटपुटले, आणि “चार वाजता चालेल,” म्हणून निघून गेले. लूसीलने तिन्ही नोंदी पेन्सिलीने केल्या. अठरा तारखेची चौकट भरली. तीन. रविवारचा निकाल लागला होता. सामना तेवढा व्हायचा बाकी होता.

चौथ्यांदा दार वाजलं तेव्हा तिने पेन्सिल उचलूनच “या” म्हटलं.

नॉर्बर्ट आत आला. बावीस वर्षांत तो या खोलीत पहिल्यांदाच येत होता. कॉलरमधला रुमाल तसाच होता. टोपी हातात घेऊन तो कॅलेंडरच्या भिंतीकडे पाठ करून उभा राहिला आणि खिडकीखालच्या हीटरकडे एकटक बघू लागला. वयाच्या सत्तराव्या वर्षी माणूस इतका लाजतो याची लूसीलला गंमत वाटली.

“अठरा तारीख,” तो हीटरला म्हणाला. “एक वाजता. पूर्ण दिवस हॉल.”

“कशासाठी?”

“आता कशासाठी म्हणजे काय, लूसील!”

तिने पेन्सिल खाली ठेवली. “म्हणजे परवा आपण हरणार?”

“कोण म्हणालं? परवा आपण जिंकणार. सात गुणांनी.”

“मग अठराला दुसरा सामना. ग्रीन बेलाच. दोन वाजता.”

“हो.”

“तुझ्या वडिलांची सीट.”

“हो.”

स्टेडियममधल्या त्या सीटवर आधी त्याचे वडील आणि मग तो स्वतः मिळून चौसष्ट वर्षं बसले होते. सीझनच्या तिकिटांसाठी लोक अर्धं आयुष्य यादीत घालवतात आणि उरलेलं ती मृत्युपत्रात कुणाच्या नावे करायची याच्या भांडणात. घरचा एकही सामना नॉर्बर्टने चुकवलेला नव्हता. पित्ताशयाचं ऑपरेशनसुद्धा त्याने टीम बाहेरगावी असताना करून घेतलं होतं.

“अरे, पण मग...”

“लग्न एकाला. सामना दोनला. दोन्ही होणार. मी एकाच ठिकाणी असणार. लिही.”

लूसीलने खोडरबर घेतलं. बारसं खोडलं, ऑर्गनचा कार्यक्रम खोडला, पालकसभा खोडली. बावीस वर्षांच्या नोकरीतली ही तिची पहिली गैरशिस्त होती. तिने कॅलेंडरवरची भुकटी फुंकली, ड्रॉवर उघडला आणि सहीसाठी ठेवलेलं शाईपेन काढलं. टीम हरणार हे तिला ठाऊक होतं. या माणसाचा त्याग त्याला फुकटात पडणार, हेही ठाऊक होतं. तिने त्यातलं काहीच सांगितलं नाही. कुणी आपल्यासाठी डोंगर उचलायला निघालं असताना तो पुठ्ठ्याचा आहे हे कशाला सांगायचं?

शनिवारी सकाळी ड्वेन आला. चौकट बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. पुतणीच्या मुलीच्या बारशाबद्दल तो काही बोलूच शकत नव्हता.

“नॉर्बर्ट फिरला?” तो शेवटी म्हणाला. “हरणार म्हणतोय?”

“नाही. जिंकणार म्हणतोय.”

“मग अठराला घरचा सामना आहे, आणि हा...”

“लग्न करतोय.”

ड्वेन खुर्चीत बसला. त्याने टोपी काढली. असं तो फक्त राष्ट्रगीताला आणि अंत्यविधीला करतो.

“तुझ्यासाठी?”

“नाही रे, पालकसभेसाठी!”

दुपारपर्यंत गावभर झालं. सव्वीस वर्षांच्या भाकितांनी नॉर्बर्टला जी किंमत आली नव्हती, ती या एका तारखेने आली. सीटवर पाणी सोडण्याइतकी त्याला जिंकण्याची खात्री आहे, तर हरायची सोय आपण कोणत्या तोंडाने करायची? शिवाय हॉलही गेला होता. मार्जबाईंनी विद्यार्थ्यांना अठराला सुट्टी दिली. फादरांनी पालकांना कळवलं की सभा मार्चमध्ये.

रविवारी लूसीलने प्रथमच कचेरीतला छोटा टीव्ही लावला. बर्फ इतका पडत होता की मैदानावरच्या रेषा दिसत नव्हत्या. मिनेसोटावाले शेवटच्या मिनिटापर्यंत दोन गुणांनी पुढे होते. तिला नियम कळत नव्हते, पण कॅलेंडर कळत होतं, म्हणून ती निर्धास्त होती. मग हिरव्या सदऱ्यातल्या कुणीतरी लाथ मारली. चेंडू डाव्या खांबावर आपटला, क्षणभर विचारात पडल्यासारखा वर थांबला, आणि आत पडला. पाटीवर हिरव्यांचे तीन गुण वाढले.

बाहेर अख्ख्या गावाने एकदम हॉर्न वाजवले. कुणीतरी चर्चची घंटा वाजवायला लागलं; ते फादरच होते. लूसील मात्र अठरा तारखेच्या शाईकडे पाहत बसून राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिचं भाकीत चुकलं होतं, आणि आता डोंगर खरा झाला होता.

सहाच्या सुमारास नॉर्बर्ट तिच्या दारात आला. भुवयांवर बर्फ होता आणि आवाज पार बसलेला होता.

“एकाच गुणानं,” तो कुजबुजला. “मी सात म्हटलं होतं.”

“चालायचंच.” तिने त्याच्या हातातली टोपी घेतली. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. “अठराचं काय?”

“शाईनं लिहिलंयस ना?”

“हो.”

“मग विचारतेस काय? काहीतरी गरम दे.”

अठरा तारखेला एक वाजता चर्च गच्च भरलं. कोटांच्या आत सगळ्यांनी हिरवे-पिवळे सदरे घातले होते आणि बायकांनी रेडिओ पर्समध्ये ठेवले होते. नॉर्बर्टच्या सीटवर ड्वेन बसला होता. तिकीट हातात मिळाल्यावर तो रडला होता, असं त्याची बायको सर्वांना सांगत होती. फादरांचं प्रवचन चार मिनिटांत संपलं; सेंट हेडविगच्या इतिहासात हे कधी घडलं नव्हतं. मार्जबाईंनी मिरवणुकीची धून इतकी झपाट्याने वाजवली, की नवराबायकोला जवळजवळ पळावंच लागलं.

दाराशी पोचल्यावर नॉर्बर्ट थांबला. बाहेर ऊन पडलं होतं आणि बर्फ डोळे दिपवत होता. त्याने लूसीलचा हात घट्ट धरला आणि तिच्या कानाशी वाकला. काहीतरी मोठं ऐकायला मिळणार, अशा तयारीने तिने डोळे मिटले.

“तुझ्या त्या कॅलेंडरचं मला पहिल्यापासून माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर इतकी वर्षं वर आलो नाही.”

तिने डोळे उघडले. तिला तो हीटर आठवला.

“एकच कर, लूसील. पंचवीसला कुणी हॉल मागितला असेल, तर संध्याकाळपर्यंत मला सांगू नकोस.”