अर्ध्या वर्षाची राजधानी

आमचं शहर अर्धं वर्ष राजधानी असायचं. उन्हाळा लागला की सरकार वर यायचं आणि थंडी पडायच्या आत खाली जायचं. गावात असंच म्हणत, ‘सरकार आलं’, ‘सरकार गेलं’, जणू घरातला दमेकरी सासरा हवापालटाला आलाय. मग सचिवालयाच्या घुमटाखालची दारं उघडत, कर्मचारी वसाहतीच्या खिडक्यांना पडदे लागत. झेरॉक्सवाले, छत्र्यांखालचे टंकलेखक, कोर्टापुढचे वकील, सगळे आपापली जागा धरून बसत. सरकार गेलं की तेच रस्ते एकदम रुंद वाटायला लागत आणि शिंप्याकडे कपडे वेळेवर मिळू लागत.

मी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. प्रयोगशाळा टाकीजवळच, सगळ्यात उंच टेकडीवर आहे. खिडकीतून पूर्ण शहर दिसतं: घुमट, त्याच्या पायथ्याशी वसाहतीच्या सरळ रांगा, मग बाजार, आणि बाजारामागे जुन्या वस्तीची एकमेकांवर चढलेली छपरं. सरकार आलेलं मला गावाआधी कळायचं. टाकीची पातळी सकाळी भराभर उतरायची आणि क्लोरीन वाढवावं लागायचं.

“पाणी खाली उतरतं आणि सरकार वर चढतं,” आमचे फिटरकाका दरवर्षी म्हणत. “दोघांनाही अडवणारा अजून जन्माला यायचाय.”

दरवर्षी मी हसायचे. विनोद शिळा झाला होता, पण त्या दिवशी मला हसू यायला दुसरं कारण असायचं. सरकारबरोबर नकाशेवाला यायचा.

तो बांधकाम खात्यात आरेखक होता. शहराच्या नळांचा धड नकाशा नव्हता. जुना एक होता, तो उंदरांनी निम्मा खाल्लेला. उरलेलं सगळं फिटरकाकांच्या डोक्यात, आणि काकांना निवृत्तीचे वेध लागलेले. म्हणून नवा नकाशा करायचं काम त्याच्याकडे आलं, आणि तो माझ्याकडे आला. मी शहरभरच्या नळांचे नमुने तपासते. पाणी जितकं लांबून येईल तितकं त्यातलं क्लोरीन कमी होत जातं. शेजारशेजारच्या दोन नळांत ते वेगळं निघालं, तर दोघांचं पाणी वेगळ्या वाटेनं येतंय असं समजायचं. मी सांगायचे, काका खणून बघायचे आणि तो रेघ ओढायचा. त्याची रेघ इतकी बारीक आणि शांत असे, की मी बोलायचं थांबवून बघत राहायचे.

दर उन्हाळ्यात एक भाग. सचिवालय झालं, वसाहत झाली, इस्पितळ, कोर्ट, बाजार झाला. शेवटी राहिली जुनी वस्ती, आणि तिथे आमचं काम मंदावलं. एखादी गल्ली पुन्हा बघायला हवी असं त्याला वाटे. एकदा घेऊन भागलं असतं असा नमुना मी पुन्हा घ्यायला सांगे. मागचा उन्हाळा संपला तरी वस्ती संपली नाही.

“मॅडम, या गल्लीत नळच आहेत ना?” फिटरकाकांनी एकदा फावडं टेकवून विचारलं. “की गुप्तधन आहे? असेल तर माझा वाटा आत्ताच सांगा.”

नकाशेवाला खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत राहिला. टोक आधीच होतं.

यंदा हुकूम निघाला: पुढच्या वर्षापासून सरकार वर येणार नाही. राजधानी एकच, खालची. इथे एक छोटं कार्यालय तेवढं राहील. इथे थांबायचं की खाली जायचं, ते प्रत्येकानं सामान हलायच्या आत कळवावं. गावावर सुतकी कळा पसरली. भाड्यानं खोल्या देणारे तर सचिवालयासमोर जाऊन बसले. आत्या आणि मी, आमचं दोघींचं घर. तिला भाडेकरूंचं काही पडलं नव्हतं.

“तो राहील का गं?” तिनं विचारलं.

“कोण?”

“सरकार,” आत्या म्हणाली. “दुसरा कोण!”

मला तेच हवं होतं, त्यानं राहावं. इतक्या वर्षांत ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. इतर महिने कसे जातात हेही नाही: वसाहतीवरून जाताना त्याच्या बंद खिडकीकडे न बघण्याची मी सवय लावून घेत होते, आणि ती सवय फारशी लागत नव्हती.

हुकुमानंतर काही दिवसांनी तो प्रयोगशाळेत आला. टेबलावर नकाशा पसरला. शेवटची गल्ली तेवढी कोरी होती. बराच वेळ तो काहीच काढत नव्हता. मग कागदावरची नजर न उचलता त्यानं विचारलं, “हिवाळ्यात इथे लोक करतात काय?”

“उघड्या पाइपांना गोणपाट गुंडाळतात,” मी म्हणाले. “वसाहतीची लाइन आम्ही रिकामी करून ठेवतो. नाहीतर पाणी गोठून पाइप फुटतात. शिवाय वापर कमी झाला की पाणी नळ्यांतच पडून राहतं, त्यामुळे टोकाच्या घरांत क्लोरीन पोचत नाही. मग टोकाचे नळ उघडून साचलेलं पाणी वाहू द्यावं लागतं.”

त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे काम असतं तुम्हाला.”

“असतं.”

“हं.” त्यानं पट्टी ठेवली, रेघ ओढली. “संपला की हो नकाशा.”

संध्याकाळी मी हे आत्याला सांगितलं. ती भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली.

“त्यानं तुला पाइपांचं विचारलं होतं का?”

“लोक काय करतात, असं विचारलं होतं.”

“अगं, लोक म्हणजे तू!” आत्या ओरडली. “तुझे वडील सांगत फिरायचे, पोरगी हुशार आहे, हुशार आहे. डोंबलाची हुशार! थेंबभर पाण्यात काय काय आहे ते सांगतेस आणि समोर बसलेल्या माणसाच्या मनात काय आहे ते कळू नये? उद्या जा आणि सांग त्याला. मूग गिळून बसलीस तर याद राख.”

दुसऱ्या दिवशी मी वाक्य तयार केलं. ते छोटं होतं. पण तो आला नाही. नकाशा संपला होता, त्याला यायला निमित्त नव्हतं; आणि निमित्ताशिवाय त्याच्याकडे कसं जायचं हे मला येत नव्हतं. एक एक दिवस करत आठवडा गेला. मग फिटरकाकांनीच बातमी आणली. त्यानं खाली जातो असं कळवलं होतं.

“वडील आहेत म्हणे तिकडे,” काका म्हणाले. त्यावर विनोद केला नाही.

सरकार निघालं त्या सकाळी वसाहतीचा व्हॉल्व्ह बंद करायला काका निघाले, आणि मीही त्यांच्याबरोबर निघाले. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. सचिवालयाच्या आवारात कपाटांना गोणपाट बांधून ट्रकांत चढवत होते. दरवर्षी पाट्या जागेवरच राहत; या वेळी त्याही काढून घेत होते आणि भिंतींवर पाट्यांच्या आकाराचे फिकट चौकोन उरत होते. कुणी कुंड्या वाटत होतं, कुणी बादल्या. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. तो बसच्या दाराशी उभा होता. मला बघून दोन पावलं पुढे आला.

“नकाशाची तुमची प्रत टाकीवर पोचवलीये.”

“मला वाटतं, तुम्ही जाऊ नये,” मी म्हणाले. तपासणीचा निकाल वाचून दाखवावा तशा आवाजात ते निघालं. शेजारी ट्रंक उचलणारे दोघे थबकले आणि मग घाईघाईनं पुढे गेले.

“कळवून झालं हो,” तो म्हणाला.

“माहीत आहे. तरी सांगायचं होतं.”

“त्या दिवशी मी विचारलं तेव्हा...”

“तेव्हा मी पाइपांचं सांगितलं.”

तो हसला. मग हसू विरलं. “मला वाटलं, तुम्हाला तेवढंच सांगायचंय.”

“आणि मला वाटलं, तुम्हाला तेवढंच विचारायचंय,” मी म्हणाले.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग आणखी एकदा. तो चढला आणि लोकांना ओलांडत खिडकीपाशी आला. काच अडकली होती. ती त्यानं दोन्ही हातांनी खाली ओढली. बस हलली तेव्हा त्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, “हिवाळ्यात खालून इथे यायचा रस्ता चालू असतो का?”

घाटात बर्फ पडतं. दरडी कोसळतात. कुठल्या महिन्यात निघणार यावर बरंच अवलंबून असतं, आणि मला ते सगळं पाठ आहे.

“असतो,” मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. बस फाटकातून बाहेर पडली.

“कुठला असतो, मॅडम?” फिटरकाका माझ्यामागे येऊन उभे होते. “मागल्या हिवाळ्यात माझा मेहुणा अर्ध्या घाटात अडकला होता. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना.”

“मग?”

“मग काय? उरलेला घाट चालत आला. बायको इथे होती ना.”

बस खालच्या वळणावर एकदा दिसली. मग दिसली नाही.