लागलेली फाईल

या बाप्पा, असे पुढे सरकून बसा. ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही. कीर्तनात बुवा राजाचं नाहीतर संताचं आख्यान लावतात. मी तुम्हाला नागपूरच्या लकडगंजातल्या एका टायपिंगवाल्याचं सांगतो. अंगावर काटा आला तर देवाचं नाव घ्या, पण मधेच उठू नका.

"हे काय लिवून आणलं? कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ! अबे, चोर काय 'मी चोर हाय' लिवते?" बाबनराव रोहितला म्हणत होते. रोहित दोन लेकरांचा बाप, नोकरी सुटलेला.

"मंग काय लिवू काका? गोदामात होतो मी."

"होतो म्हणजे? बसून होता काय? दिवसाले किती गाड्या खाली करे?"

"चार. अन् पाच वर्सांत एक खोका फुटू नाही देला."

"हे पाय! हे वर येईन. बापाचं नाव, जात, छंद, सारं काढ. साहेबाले अर्धं मिनिट असते. त्यात त्याले तुहे हात दिसले पायजे."

असे होते बाबनराव. जिन्याखालचं दुकान, एक संगणक, एक प्रिंटर, आणि समोरच्या माणसाकडून त्याचं खरं काम काढून घेण्याची हातोटी. पण लोक त्यासाठी येत नसत. लोक यायचे ते 'लागलेल्या फाईली'साठी. अपेक्षा धकाते नावाच्या उमरेडच्या मुलीचा बायोडाटा त्यांनी केला होता आणि तिला नोकरी लागली होती. तेव्हापासून बाबनराव कोरं पान उघडत नसत. तिचीच फाईल उघडायची, तिचं नाव पुसायचं, नवं घालायचं. शकुनाची फाईल. तिच्यावरून केलेले बहुतेक कागद लागत.

खरं काय ते एकट्या बाबनरावांना ठाऊक होतं. अपेक्षा नागपुरात खोल्या बदलत राहायची, म्हणून पत्ता त्यांच्या दुकानाचा दिला होता. नेमणुकीचं पत्र दुकानावर आलं. आनंदाने त्यांनी शेजारपाजाऱ्यांना सांगून टाकलं, "पोरगी लागली!" पण तिला फोन केला नाही. पत्र स्वतःच्या हाताने द्यायचं होतं, तिचं तोंड पाहायचं होतं. आज येईल, उद्या येईल. चौथ्या दिवशी राहवलं नाही, तेव्हा बसने उमरेडला गेले. गल्लीत शिरले तर तिच्या घरापुढे माणसं खाली मान घालून बसलेली. ताप डोक्यात गेला, सकाळीच गेली, कुणीतरी सांगितलं. बाबनराव पत्र खिशात घेऊन तसेच परतले. तेरवी झाल्यावर देऊ म्हणाले. त्याला चार वर्षं झाली. पत्र खणात होतं.

आठवड्याभराने रोहित पेढे घेऊन आला. नोकरी लागली होती. पण जाता जाता दारात थांबला.

"काका, हे अपेक्षा कोण हाय गा?"

बाबनरावांच्या हातातला पेढा तसाच राहिला. "काहून?"

"साहेबानं माहा कागद वाचला अन् मले म्हणते, बस अपेक्षा. सारे हासले. त्याले बी समजलं नाही, तोंडातून कसं निघालं. कागदावर तं माहंच नाव होतं, म्या पायलं न!"

हे सांगणारा रोहित तिसरा होता. बाबनरावांनी दर गुरुवारी संगणकाला उदबत्ती ओवाळायला सुरुवात केली. फाईल मात्र सोडली नाही.

मे महिन्यातली दुपार. रस्त्यावर कुत्रंही नाही. एक बाई दुकानात आली, डोक्यावरचा पदर सोडून टेकली.

"यमुताई म्हणतात मले. उमरेडहून आली. यमुना धकाते."

बाबनरावांच्या कानात पाणी शिरावं तसं झालं. उमरेडात धकाते गल्लोगल्ली आहेत, त्यांनी मनाला सांगितलं.

"त्या विणकाम शिकवाच्या केंद्रात बाई पायजे म्हणे. उद्या अकराले बलावलं. ते लागलेल्या फाईलीतूनच करा बरं! अख्खं उमरेड सांगते."

"माग चालते अजून घरी?"

"चार वर्सं झाले, बंद हाय. पण हात रिकामे राहिले भाऊ, की माही पोरगी दिसते. अशी बाजूले येऊन उभी राहते, काहीतरी मागते. काय मागते ते समजत नाही. म्हणून म्हटलं, हाताले काम पायजे."

बाबनराव संगणकाकडे वळले. फाईल उघडली, जुनं नाव पुसलं, यमुना धकाते टाइप केलं. पान निघालं. वर नाव होतं अपेक्षा धकाते.

ते पान त्यांनी पालथं घातलं. पडद्यावर पाहिलं: यमुना. एकेक अक्षर बोट लावून वाचलं. पुन्हा छापलं. अपेक्षा. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात कागद बोटांना गार लागला, नळाखाली धरल्यासारखा.

"काय झालं जी?"

"मशीन... जुनी झाली."

मग त्यांनी इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते केलं. कोरं पान उघडलं. त्यावर फक्त एकच नाव लिहिलं, यमुना, आणि कळ दाबली. तेवढ्यात लाईट गेली. कूलर घरघरत थांबला, पडदा काळा झाला, प्रिंटरचा हिरवा दिवा विझला. दुकानात आवाज उरला नाही. आणि त्या विझलेल्या प्रिंटरमधून पान बाहेर सरकू लागलं. सावकाश, मागावरून कापड उतरावं तसं.

बाबनराव मागे सरले. यमुताईंनीच पान उचललं, दाराच्या उजेडात धरलं.

"मले जास्त वाचता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण हे नाव येते. हे तं माह्या पोरीचं हाय. तुमच्यापाशी कसं?"

खोटं तयार होतं. जुनी फाईल होती, एवढंच म्हणायचं होतं. बाबनरावांनी तोंड उघडलं, आणि हात आपसूक खणाकडे गेला. त्यांनी पत्र तिच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तीन दिवस पत्र ठेवलं तेही. गल्लीतून परत फिरलो तेही.

"वाचा," यमुताई म्हणाल्या.

"आपली निवड विणकाम प्रशिक्षण केंद्रात सहायक प्रशिक्षिका म्हणून करण्यात आली असून, सतरा तारखेस सकाळी दहा वाजता हजर राहावे."

"सतराले तेरवी होती तिची." त्यांनी पत्र परत हातात घेतलं. मग म्हणाल्या, "तापात तीन दिवस एकच विचारे, आई, कागद आला काय वं? म्या म्हणो, नाही आला बाई. अन् तो इथंच होता. तुमाले तिचं तोंड पायाचं होतं!"

"यमुताई, मले काय म्हणाचं ते म्हणा."

त्यांनी बाबनरावांकडे पाहिलंच नाही. प्रिंटरच्या बाजूला, जिथे भिंत आणि सावली यांच्याशिवाय काही नव्हतं, तिकडे वळल्या. लेकराला उठवताना बोलतो तशा हळू म्हणाल्या, "आला वं बाई. आला तुहा कागद. तू लागली."

बाबनराव शपथेवर सांगतात, त्या भिंतीपाशी कुणीतरी श्वास सोडला.

लाईट आली. कूलर सुरू झाला. यमुताईंनी डोळे पुसले, पत्राची घडी करून कमरेला खोचली.

"आता माहं लिवा. तिच्यावरून नाही. माहं."

"सांगा."

"काय सांगू? चोवीस वर्सं काठाची साडी विणली आमी. अजून काय?"

"कोणाले शिकवलं काय?" बाबनरावांनी विचारलं.

"तिघींले. दोघी लग्न करून गेल्या."

त्यांनी टाइप केलं: चोवीस वर्षे हातमागावर काम. तीन मुलींना विणकाम शिकवले. त्यांपैकी एकीची आपल्याच केंद्रात सहायक प्रशिक्षिका म्हणून निवड झाली होती. पान निघालं. वर नाव होतं यमुना धकाते. कागद कोमट होता.

बाबनरावांनी दारापर्यंत येऊन हात जोडले. यमुताई थांबल्या नाहीत. माफ केलं की नाही, तेही बोलल्या नाहीत. ती फाईल बाबनरावांनी त्याच दुपारी पुसली.

यमुताई आता त्या केंद्रात शिकवतात. पहिल्या दिवशी हजेरीपटावर सही करताना त्यांनी एक ओळ कोरी सोडली आणि खालच्या ओळीवर सही केली. कारकून म्हणाला, "बाई, वरची ओळ काहून सोडली?"

"राहू द्या जी," त्या म्हणाल्या.

रोज तसंच करतात. कारकून आता विचारत नाही. पानं आखताना त्या ओळीला अनुक्रमांकही घालत नाही.

एवढं ऐकलंत, तर माझी एक विनवणी. संध्याकाळी दिवा लावाल तेव्हा आपल्या माणसांसोबत एक नाव घ्या. उमरेडची अपेक्षा. तिला सांगणारं वेळेवर कुणी भेटलं नाही. तुम्ही आठवण ठेवा.