तोंडी सांगू

विद्यापीठात त्याला सगळे सोपेराव म्हणत. प्राध्यापकांचे चाळीस-चाळीस पानांचे निबंध एका पानात आणायचे आणि ते पान सरकारी खात्यात पोचवायचं, हे त्याचं काम. भल्याभल्यांना आपण त्यांचंच संशोधन समजावून सांगितलंय, अशी फुशारकी तो मारायचा, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

त्याच्याकडे एकदा झोपेवर काम करणाऱ्या बाई आल्या. सहा वर्षं शाळा पालथ्या घालून त्यांनी दाखवलं होतं, की शाळा तासभर उशिरा भरवली तर मुलं वर्गात पेंगत नाहीत. सोपेरावाने पान झकास उतरवलं. फक्त शेवटची दोन वाक्यं काही केल्या मावेनात.

"ती गाळू नका हो," बाई म्हणाल्या. "लांबून येणाऱ्या मुलांना हे लागू नाही. शाळा उशिरा सुटली की त्यांची शेवटची बस चुकते."

"मॅडम, मजकूर मागच्या बाजूला गेला की कागद केराच्या टोपलीत गेला म्हणून समजा. ते आपण तोंडी सांगू. मी आहे ना!"

त्या भरवशावर बाईंनी सही केली.

बैठकीच्या दिवशी बाईंच्या विद्यार्थ्यांची परीक्षा होती, म्हणून तो एकटाच गेला. शिक्षण खात्याचे साहेब पान वाचून इतके खूश झाले, की सगळ्या शाळांसाठी हुकूम काढायला त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. बसचं वाक्य सोपेरावाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आपलं पान असं हातोहात उचललं जात असताना मोडता कोण घालणार? नंतर फोन करून सांगू, असं म्हणून त्याने चहा घेतला. तो फोन त्याने कधी केलाच नाही.

वर्षाच्या आत लांबच्या वस्त्यांतल्या दीडेकशे मुलांनी शाळा सोडली. त्यात मुलीच जास्त. अंधारात पायी यायला त्यांना कोण पाठवणार? वर्तमानपत्रांनी बाईंच्या नावाने खडे फोडले. चौकशी बसली.

"काही मुलं लांबून येतात, हे तुमच्या ध्यानातच आलं नाही?" साहेबांनी विचारलं. बाईंनी शेजारी बसलेल्या सोपेरावाकडे एकदा पाहिलं. त्याने पाण्याचा ग्लास उचलला.

"पानावर सही माझी आहे," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही मूग गिळून बसलात?" घरी बायकोने विचारलं. "बोलायचाच पगार घेता ना?" तो जेवणावरून उठला. स्वतःची इतकी किळस त्याला कधी वाटली नव्हती.

दोन महिन्यांनी त्याने साहेबांना पत्र लिहून सगळं कबूल केलं. उत्तर दोन ओळींचं आलं: हुकूम मागे घेतला आहे, प्रकरण निकाली निघालं आहे. मग तो बाईंच्या खोलीत गेला. टेबलावर दोरीने बांधलेला गठ्ठा होता. शाळा उशिरा भरवूनही लांबच्या मुलांना कसं सांभाळायचं, याची बावन्न पानं.

"मॅडम, मी साहेबांना खरं काय ते कळवलं."

"समजलं मला. बरं केलंत."

"याचं एक पान मी करून देतो. या वेळी एक शब्दही—"

बाईंनी गठ्ठा स्वतःकडे ओढला. "नको. तुम्ही लिहिता फार छान हो. पण त्याखाली सही करायला माझा हात उठणार नाही आता."

गठ्ठा त्यांनी स्वतःच खात्यात नेऊन दिला. वर्ष झालं, त्याची दोरी अजून कोणी सोडलेली नाही.