एकाच वेळी दोन ठिकाणी

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या गाळ्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. मोठ्या पडद्यावर सीसीटीव्हीची दोन चित्रं शेजारी शेजारी लावली होती. एकात काळनाथ महाराज याच गाळ्यातल्या बंद खोलीत समाधी लावून बसलेले. दुसऱ्यात तेच महाराज घाटकोपरच्या एका इमारतीचा जिना चढताना. दोन्हींच्या कोपऱ्यात तारीख एक, वेळही एकच. गेल्या गुरुवारचे संध्याकाळचे सात.

"काळ म्हणजे आपला गडी," महाराज डोळे मिटून म्हणाले. "बस म्हटलं की बसतो, ऊठ म्हटलं की उठतो!"

जयजयकाराने पत्रे दणाणले. पुढच्या रांगेत बसलेल्या रत्नप्रभामावशीचे डोळे भरून आले, कारण तो जिना तिच्याच इमारतीचा होता. त्या संध्याकाळी महाराजांनी तिच्या नवऱ्याच्या, चंद्रप्रकाशकाकांच्या, कपाळावर हात ठेवून सांगितलं होतं, "मूत्रपिंडं जागी झाली. आता सुया बंद!" आणि मावशीने काकांचं डायलिसिस बंद केलं होतं.

तिची भाची अक्षता मागे उभी होती. सकाळी तिने काकांना पाहिलं होतं. पाय टम्म सुजलेले, आडवं पडलं की श्वास कोंडायचा. "मावशी, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात ने त्यांना," ती रडकुंडीला येऊन म्हणाली होती. मावशीचं उत्तर एकच. "तुझो डॉक्टर एका वेळेक दोन ठिकाणी दिसता काय गो?"

म्हणून अक्षता इथे आली होती. साकीनाक्याच्या कंपनीत ती सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरसारख्या यंत्रांच्या आतलं सॉफ्टवेअर लिहायची. मावशीच्या इमारतीतल्या कॅमेऱ्याची वेळ तिने तपासली होती, ती बरोबर होती. म्हणजे खोटं इथल्या यंत्रात असणार. पण कोपऱ्यातल्या रेकॉर्डरवर आज वेळ अगदी अचूक दिसत होती. तरी ती पुढे झाली.

"महाराज, हे यंत्र एकदा बंद करून चालू कराल? नेटची वायर काढून?"

महाराजांनी डोळे उघडले. त्यांचा सेवेकरी कृणाल आडवा आला. "ए ताई, यंत्राला हात नाय लावायचा. सिद्ध केलेलं आहे ते."

"सिद्ध आहे तर बिघडेल कशाला?"

"शंका घेणाऱ्याच्या घरात मृत्यू शिरतो, मुली," महाराज गरजले.

हे ऐकून मावशी ताडकन उठली. तिला भाचीचा संताप आला होता, आणि महाराजांची लाज राखायची होती. "करू दे हिच्या मनासारखं! एकदा तोंड बंद होऊ दे हिचं." कृणाल सरसावायच्या आत तिने वायर उपटली आणि बटण बंद करून पुन्हा चालू केलं.

पडदा काळा झाला. नेटवरून आलेली खरी वेळ यंत्राच्या आतल्या, सेलवरच्या घड्याळातही लिहिली गेली असेल, तर फजिती अक्षताचीच होती.

चित्र परत आलं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत होते. पडद्यावर सात.

गाळ्यात कुजबुज सुरू झाली. "बघा, काळ पुढे पळाला!" महाराज ओरडले, पण आवाज चिरकला होता.

"पळाला नाही, पळवला," अक्षता म्हणाली. "या यंत्रात दोन घड्याळं असतात. एक छोट्या सेलवर चालतं, वीज गेली तरी. दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, यंत्र चालू असेपर्यंतच. यंत्र सुरू झालं की दुसरं पहिल्याकडून वेळ घेतं. ह्यांनी पहिलं दोन तास पुढे केलं. महाराज समाधीला पाचला बसले, पण नोंद सातची झाली. मग मागच्या शटरने निघाले नि सातला घाटकोपरला पोचले. नंतर नेट जोडल्यावर दुसरं घड्याळ आपोआप सुधारलं. ही सुधारलेली वेळ सेलवरच्या पहिल्या घड्याळातही लिहावी लागते. या यंत्रात ती सोय बंद आहे, म्हणून नेट काढून चालू केल्यावर जुनी खोटी वेळच परत आली."

"खरं काय रे?" मावशीने कृणालला विचारलं. त्याने मान खाली घातली.

काही जण महाराजांच्या अंगावर धावले. पण काही जण अजूनही हात जोडून होते. "देवाची परीक्षा घेऊ नये," एक बाई पुटपुटली.

रिक्षात मावशीने अक्षताचा हात घट्ट धरला होता. "चल गो, बेगीन चल," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

काका वाचले. पण छातीत पाणी साचून हृदयावर ताण आला होता. डॉक्टर म्हणाले, आता पूर्वीसारखं चालणं-फिरणं होईलच असं नाही.

"माका येडी म्हणशीत?" हॉस्पिटलच्या बाकावर मावशीने विचारलं.

"नाही गं. तू घाबरली होतीस. त्या माणसाला तेच हवं होतं."

मावशी बराच वेळ रडली. काळनाथाचा गाळा बंद झाला, पण तो स्वतः दुसऱ्या उपनगरात दुसऱ्या नावाने बसला असल्याचं कानावर येतं. वाचकहो, पडद्यावरची वेळही माणूसच लावतो. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, हे कुणी तपासलंय का? आणि तपासू देत नसतील, तर तिथून उठा आणि आपल्या आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या.