चटणीतली कॅप्सूल

सूर्यकांत मोजून चार गोळ्या घेत. पाचवी पुढे केली की ताटच सरकवत. सुभेदार निवृत्त झाले होते, शिस्त काही झाली नव्हती. हृदयाची झडप बदलल्यापासून ते गाझियाबादला मुलाकडे, महेशकडे, राहत, आणि त्या चारांतली एक गोळी रक्त पातळ ठेवण्याची होती.

सुनेचं, सुकन्याचं, चारांवर भागेना. व्हिटॅमिन ई हृदयाला फार चांगलं, असं तिने मोबाईलवर वाचलं आणि बाई लागल्या कामाला. रोज एक कॅप्सूल टाचणीने टोचायची, आतलं तेल शेंगदाण्याच्या चटणीत कालवायचं. दीड महिना बाबा बोटं चाटून खात होते. सुनेने वाढलेल्या ताटात काय आहे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

आज सकाळी दाढी करताना हनुवटीला जरासं कापलं आणि रक्त थांबेचना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "गोलियों के अलावा कुछ देते हैं?"

"बिल्कुल नहीं," महेश म्हणाला.

सुकन्याला चटणी आठवली. सांगावं तर बाबा समोरच बसलेले. न सांगावं तर त्यांच्या हातातला कापसाचा तिसरा बोळा लाल होत चाललेला. तिला स्वतःची विलक्षण चीड आली.

"व्हिटॅमिन ई," ती कशीबशी म्हणाली. "रोज एक कॅप्सूल, चटनी में. इनको पता नहीं था."

महेश तिच्याकडे बघतच राहिला. बाबांनी बघितलंच नाही.

"मूंगफली, बादाम खिलाइए, उससे डर नहीं," डॉक्टर म्हणाले. "लेकिन इतनी ताकत की कॅप्सूल उस गोली के साथ खून और पतला कर सकती है. आज से बंद." त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. दुपारपर्यंत रक्त थांबलं आणि तिघं घरी आले.

सुकन्याने नवी चटणी कुटली.

"सूनबाई, यात काय काय आहे?" बाबांनी विचारलं.

"शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ."

"आणखी?"

"आणखी काही नाही, बाबा. खरंच."

त्यांनी मान डोलावली. चटणी ताटातच राहू दिली, आणि भाकरीचा घास कोरडाच खाल्ला.