मधल्या वेळात इलेक्ट्रॉन कुठे असतो

प्राध्यापक बोर यांना स्टॉकहोमचं पारितोषिक मिळालं, त्या हिवाळ्यात कोपनहेगनमधल्या प्रत्येकाला त्यांचा अभिमान वाटू लागला. ते कशाबद्दल मिळालं हे विचारणं मात्र असभ्यपणाचं समजलं जाई. आमच्या नॉरब्रोच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांचं छायाचित्र जिन्यात टांगलं आणि चौकट हलू नये म्हणून जिन्यावर उड्या मारायला बंदी केली.

माझी पंचाईत झाली, कारण मी मुलांना अणू त्याच जिन्यावर शिकवत असे. इलेक्ट्रॉनला ठरावीक पायऱ्यांवरच उभं राहता येतं, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही. वरून खाली आला की दोन पायऱ्यांच्या ऊर्जेतला फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. हायड्रोजनमध्ये तिसरीवरून दुसरीवर आलं की लाल, पाचवीवरून दुसरीवर आलं की जांभळा. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेले. मुलं उडी मारून रंगाचं नाव सांगत. बंदीनंतर आम्ही हे कोळशाच्या तळघराच्या पायऱ्यांवर करू लागलो.

सगळ्यांत नेमकं शिकली ती ट्यूरा लिंडेस्कोव्ह, ट्रामचालकाची मुलगी. औषधविक्रेते मुंकेबो तिला शिकाऊ म्हणून घेणार होते. अट एकच, पदार्थविज्ञानात ‘फार चांगले’ हा शेरा हवा. त्याच्या खालचा शेरा ‘चांगले’. आमच्याकडे ‘चांगले’ म्हणजे फारसं चांगलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

जूनमध्ये तोंडी परीक्षा झाली. हिरव्या कापडाच्या टेबलाशी प्रश्न शिक्षक म्हणून मी विचारायचे आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेजारी बसून तोलायचं, अशी आपली रीत. त्या वर्षी एका मोठ्या शाळेतले लेक्टर, म्हणजे वरिष्ठ अध्यापक, व्हिटफेल्ट आले होते. शाळेतलं पुस्तक त्यांचंच, आठवी आवृत्ती. त्यात अणू म्हणजे एक टणक गोळी होती. आल्या आल्या कॉफी घेताना त्यांनी मला पाव तास बोर यांची थोरवी सांगितली. एकदा त्यांनी बोर यांच्याशी हस्तांदोलनही केलं होतं.

ट्यूराने प्रश्नाची चिठ्ठी उचलली. हायड्रोजनचा प्रकाश. तिने फळ्यावर पायऱ्या काढल्या, रंग लिहिले, एकदाही अडखळली नाही. मी समाधानाने मान डोलावली. तेवढ्यात लेक्टर पुढे झुकले.

“कुमारी लिंडेस्कोव्ह, मी दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर येतो, तेव्हा मध्ये जिना असतो. तुमचा इलेक्ट्रॉन मधल्या वेळात कुठे असतो?”

“माहीत नाही, लेक्टर साहेब.”

“म्हणजे तुम्ही अभ्यास केला नाही.”

“केलाय, साहेब. ते अजून कुणालाच माहीत नाही. ब्लेगडम्सवायवरसुद्धा नाही.”

ब्लेगडम्सवायवर बोर यांची संस्था आहे. लेक्टरांनी चष्मा काढून पुसला. ट्यूराला बाहेर थांबायला सांगितलं.

मग आमचं दोघांचं बोलणं झालं. उत्तर बरोबर आहे, असं मी म्हणालो. ते म्हणाले, की परीक्षेत ‘माहीत नाही’ हे उत्तर नसतं, ते उत्तराचा अभाव असतो. प्राध्यापकही हेच म्हणतात, असं मी सांगितलं. “प्राध्यापकांना पारितोषिक मिळालंय, मास्तर,” ते शांतपणे म्हणाले, “त्यांनी म्हटलेलं चालतं.” मी ‘फार चांगले’वर अडून बसलो, ते ‘चांगले’वर. मतभेद झाला की परीक्षकाचं चाले. त्यांनी ‘चांगले’ लिहिलं आणि शाई टिपून घेतली.

दाराबाहेर ट्यूरा भिंतीला टेकून उभी होती. मी शेरा सांगितला. ती रडली नाही. “मला तो मध्ये कुठेतरी आहे असं सांगता आलं असतं ना, मास्तर? हवेत वगैरे?” असं तिने विचारलं. आलं असतं, असं मी म्हणालो. घरी तिच्या वडिलांनी टेबलावर आनंदाच्या दिवशी लावतात तो छोटा झेंडा आणि क्रिंगला, म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव, मांडून ठेवला होता. आम्ही तिघांनी तो खाल्ला. टाकून काय देणार.

दुसऱ्या दिवशी अट हुकल्याचं मुंकेबोंना कळवायला ती गेली. मीही बरोबर गेलो. आत ते त्यांच्या आधीच्या शिकाऊ मुलावर तोंडसुख घेत होते. त्या मुलाचा शेरा ‘उत्कृष्ट’ होता. चिठ्ठी निघालेल्या बरणीत काय आहे असं विचारल्यावर त्याने तत्काळ मॅग्नेशिया, पोटाचं साधं औषध, म्हणून सांगितलं होतं, आणि ती भुकटी घेऊन गिऱ्हाईक बाई तीन दिवस अंथरुणाला खिळली होती. त्याला त्यांनी सकाळीच काढलं होतं.

ट्यूराने आपला शेरा सांगितला. मुंकेबोंचा चेहरा पडला. कुठे चुकलीस, असं त्यांनी विचारलं. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं, लेक्टरांच्या जिन्यासकट.

मुंकेबोंनी फडताळातून बिनचिठ्ठीची एक बरणी काढून तिच्यापुढे ठेवली. पांढरी भुकटी.

“काय आहे?”

ट्यूराने बरणी हातात घेतली, उजेडात धरली, परत ठेवली. “माहीत नाही.”

“मग काय करायचं?”

“तपासल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही.”

त्यांनी बरणी उचलून मागच्या मोरीत ओतली. सोमवारी आठ वाजता यायला सांगितलं, आणि एप्रन स्वतःचा आणायचा, हेही.

लेक्टरांच्या पुस्तकाची नववी आवृत्ती दोन वर्षांनी निघाली. तीत पायऱ्या आहेत, रंग आहेत. आणि इलेक्ट्रॉन मधल्या वेळात कुठे असतो, याचं लेक्टरांनी दिलेलं अर्ध्या पानाचं उत्तर आहे.